एका वहीचे मोल

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर निगडी लागते. एके काळचे हे लहानसे खेडे आज पिंपरी-चिंचवड या उद्योगनगरीचा एक गजबजलेला भाग झाले आहे. १९७२ साली येथे नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि पाहता पाहता शेतांच्या जागी रुंद रस्ते, घरे, शाळा व उद्याने उभी राहिली. याच निगडीत भक्ति-शक्तीचे भव्य समूहशिल्प आहे. संत तुकाराम आणि छत्रपती शिवाजी महाराज यांची भेट त्यात साकारलेली आहे. आषाढी वारीसाठी देहूहून निघालेली तुकोबांची पालखी याच वाटेने पुढे जाते आणि आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात विसावते. त्या दिवशी कारखान्यांच्या भोंग्यांपेक्षा टाळमृदंगांचा घोष मोठा होतो आणि सहस्रावधी मुखांतून तुकोबांचे अभंग उमटू लागतात.

हे अभंग रचले गेले, त्याला पावणेचारशे वर्षांहून अधिक काळ लोटला. तुकोबांच्या काळी देशावर छापखाने नव्हते. मग ते शब्द आजच्या वारकऱ्याच्या ओठांवर आले कसे? काही अंशी ते कानांतून आणि कंठांतून आले. पण त्यांना आधार मिळाला तो कागदाचा. कीर्तनात ऐकलेला अभंग कोणी तरी लिहून घ्यावा, त्या लेखनावरून दुसऱ्याने नक्कल करावी आणि तिच्यावरून तिसऱ्याने, हाच त्या काळचा ग्रंथप्रसाराचा मार्ग होता. चाकणचे संताजी जगनाडे हे तेलाचा व्यवसाय करणारे प्रापंचिक गृहस्थ. कडूसचे मवाळ हे त्यांच्यासारखेच तुकोबांचे सहवासी. दिवसभराचा उद्योग सांभाळून ही माणसे बोरू हाती धरीत व गुरूचे शब्द वहीत उतरवून घेत. ज्या चाकणमध्ये आज मोटारींचे कारखाने आहेत, त्याच चाकणचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात एका तेल्याच्या वह्यांमुळे अजरामर झाले आहे.

निगडीपासून दोन-तीन कोसांवर, इंद्रायणीच्या काठी देहू आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात बुडवाव्या लागल्या, ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठच्या शिळेवर बसून राहिले आणि अखेरीस त्या वह्या पाण्यावर तरून आल्या, अशी कथा वारकरी परंपरेत भक्तिभावाने सांगितली जाते. देहूच्या मंदिरात एक जुनी हस्तलिखित वही जपून ठेवलेली आहे. तिला ‘भिजकी वही’ असे म्हणतात. ती स्वतः तुकोबांच्या हातची, आणि डोहातून वर आलेल्या वह्यांपैकीच होय, अशी परंपरेची श्रद्धा आहे.

या वहीची पुढची हकीकत मात्र मनाला चटका लावणारी आहे. कवी दिलीप चित्रे यांनी तुकोबांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद केला. तो १९९१ साली ‘सेज तुका’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिले आहे की, विसाव्या शतकाच्या आरंभी या वहीत सुमारे ७०० अभंग असल्याची नोंद आहे. परंतु आता तिच्यात सुमारे २५० अभंगच उरले आहेत. ही पाने पुरात वाहून गेली नाहीत आणि आगीतही जळाली नाहीत. अभ्यासासाठी म्हणून वही नेणाऱ्यांनीच ती काढून घेतली असावीत, असा चित्रे यांचा तर्क आहे. मंदिराच्या विश्वस्तांनी विश्वासाने वही हाती दिली आणि परत आली ती अर्ध्याहूनही कमी! परंपरेनुसार जी वही नदीच्या डोहातून वाचली, तिला माणसाच्या हातांनी घायाळ केले.

या दुःखात एकच समाधान आहे. वही पूर्ण असताना कोणी तरी तिची नक्कल करून ठेवली होती आणि ती नक्कल पंढरपुरात राहिली. त्यामुळे पाने गेली, तरी त्यांवरचे शब्द गेले नाहीत. ज्याने ती नक्कल केली, त्याला पुढे काय घडणार आहे, याची कल्पना तरी कशी असणार? त्याने केवळ आपले काम चोख केले आणि त्याच्या त्या कामाने शेकडो अभंगांचे रक्षण झाले.

नकलांचे हे मोल पुढच्या पिढ्यांनीही ओळखले. विष्णु परशुराम शास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित या विद्वानांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते मिळवली, ती एकमेकींशी ताडून पाहिली आणि मुंबई सरकारच्या साहाय्याने १८६९ ते १८७३ या काळात साडेचार हजारांहून अधिक अभंगांचा गाथा छापून प्रसिद्ध केला. पुढे वि. ल. भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या वह्यांच्या आधारे तुकोबांचा ‘अस्सल गाथा’ १९१९-२० मध्ये छापला. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन करणारे भावे ते हेच. एकाच अभंगाची चार हस्तलिखिते समोर असली, म्हणजे एकात गळलेली ओळ दुसऱ्यात सापडते आणि एकात चुकलेला शब्द तिसऱ्यावरून सुधारता येतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील पंडितांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशीच सिद्ध केली. त्या कार्याचा प्रारंभ १९१९ साली झाला आणि ते १९६६ साली पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासण्यात आली.

महाराष्ट्रात अशा कागदांचा ठेवा विपुल आहे. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मराठ्यांच्या इतिहासाचे लक्षावधी कागद आहेत. १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर संस्थेत अठ्ठावीस हजारांच्या आसपास हस्तलिखिते आहेत. त्यांपैकी ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांना युनेस्कोने २००७ साली जगाच्या स्मृतिठेव्यात स्थान दिले. पुण्याच्या अभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल एका दगडी वास्तूत रचून ठेवलेले आहेत. कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला दफ्तरात ‘रुमाल’ म्हणतात. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. तरीही न छापलेल्या कागदांच्या मानाने ते पसाभरच होत!

या ठेव्याला शत्रूही पुष्कळ आहेत. वाळवी आणि कसर कागद पोखरतात. पावसाळ्यातील दमट हवेने त्यावर बुरशी चढते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा घराघरांतील ग्रंथ व कागदपत्रे चिखलात गेली. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने भांडारकर संस्थेची मोडतोड केली. त्यात ग्रंथांची व जुन्या वस्तूंची हानी झाली. पूर्वीचे लेखक हा धोका ओळखून होते. पोथी लिहून पुरी झाली, म्हणजे तिच्या अखेरीस ते पोथीच्याच तोंडी एक विनवणी घालीत. तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून मला सांभाळा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असा तिचा आशय असे. देहूच्या वहीची हकीकत आठवली, म्हणजे त्या विनवणीतील शेवटचे मागणे किती शहाणपणाचे होते, हे पटते.

आजच्या काळात नक्कल करण्याचे काम बोरूऐवजी कॅमेरा करू लागला आहे. हस्तलिखितांची व जुन्या ग्रंथांची छायाचित्रे घेऊन ती संगणकात साठवण्याच्या या कामाला अंकीकरण किंवा ‘डिजिटायझेशन’ म्हणतात. त्यासाठी प्रथम पोथीवरची धूळ मऊ कुंचल्याने हलकेच झाडतात. चिकटलेली पाने जाणकाराकडून सोडवून घेतात. मग पान सपाट आधारावर ठेवून दोन्ही बाजूंनी सारखा व सौम्य प्रकाश पाडतात. कॅमेरा वरून खाली रोखलेला असतो. पानाशेजारी एक मोजपट्टी व रंगांची पट्टी ठेवतात. तीवरून पानाचा खरा आकार व कागदाचा खरा रंग पुढच्या अभ्यासकास समजतो. पानाची पाठपोट दोन्ही अंगे टिपली जातात. कोरे पानही वगळत नाहीत. कारण ते मुळात कोरे होते की टिपायचे राहून गेले, असा संशय पुढे कोणास येऊ नये.

कॅमेरा पानाचे चित्र अतिसूक्ष्म बिंदूंत विभागतो आणि प्रत्येक बिंदूचा रंग अंकांनी नोंदवतो. एका इंचात ३०० बिंदू धरले, तर एका चौरस इंचात ९०,००० बिंदू होतात. दहा इंच लांब व पाच इंच रुंद अशा पोथीच्या एका पानाचे ४५ लक्ष बिंदू होतात! चित्राचे असे अंक झाल्यामुळे एक मोठा लाभ होतो. हाताने नक्कल करणाऱ्याची नजर चुकते. दोन ओळींच्या आरंभी एकच शब्द असला, तर मधली ओळ गळून जाते. आणि नकलेवरून नक्कल होत गेली, की चुका वाढत जातात. अंकांची नक्कल मात्र शंभरदा केली, तरी ती पहिल्या नकलेसारखीच राहते. ती तशीच आहे की नाही, हे तपासण्याची युक्तीही आहे. गणित सोडवल्यावर विद्यार्थी जसा ताळा करून पाहतात, तसाच संगणकही चित्रातील सर्व अंकांवरून एक ताळ्याची संख्या काढून ठेवतो. काही वर्षांनी ती पुन्हा काढली आणि जुळली नाही, तर चित्रात कोठे तरी बिघाड झाला, असे समजावे.

परंतु छायाचित्र घेतले, की काम संपले, असे मानणे ही मोठीच चूक ठरेल. लक्षावधी चित्रे नुसती साठवली आणि त्यांवर नाव, गाव, काळ, विषय यांची नोंद केली नाही, तर ती पत्ता न लिहिलेल्या पत्रांसारखी होत. ती असून नसल्यासारखीच! शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची अपार कष्टाने तयार केली. म्हणूनच पुढच्या अभ्यासकांना कोणते पुस्तक कधी निघाले, याचा शोध लागू शकला. चित्रांनाही अशाच सूचीची जोड हवी. शिवाय मराठ्यांच्या इतिहासाचे बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत. कॅमेरा मोडी टिपू शकतो. तिचा अर्थ लावण्यासाठी मोडी जाणणारी माणसेच लागतात. संगणकाची तबकडीही चिरंजीव नाही. ती आज चालते आणि उद्या अचानक बंद पडते. म्हणून जाणत्या संस्था प्रत्येक चित्राच्या निदान तीन प्रती ठेवतात आणि त्यांपैकी एक तरी दूरच्या गावी ठेवतात. देहूची वही आणि पंढरपूरची नक्कल यांनी जो धडा दिला, तोच हा होय.

आपली नक्कल दुसऱ्याच्या उपयोगी कशी पडते, याचे एक उदाहरण जर्मनीत घडले. ३ मार्च २००९ रोजी कोलोन या नगरात भुयारी रेल्वेचे काम चालू असता शेजारचे नगर-अभिलेखागार कोसळले. कित्येक शतकांचे कागद माती व पाण्याखाली गाडले गेले. त्यांपैकी बहुतेक पुढे बाहेर काढता आले. पण कित्येक फाटलेले व भिजलेले होते. तेव्हा पूर्वी तेथे अभ्यासासाठी येऊन गेलेल्या लोकांना हाक देण्यात आली. कोणाजवळ एखाद्या पत्राची प्रत होती, कोणाजवळ एखाद्या पानाचे छायाचित्र. ज्याने त्याने आपापल्या जवळचे आणून दिले आणि त्यांचा एक अंकीय संग्रह तयार झाला. एकीकडे अभ्यासासाठी नेलेली देहूच्या वहीची पाने परत आली नाहीत. दुसरीकडे अभ्यासासाठी केलेल्या प्रतींनी एका नगराच्या स्मृतीला हात दिला. यावरून विद्येइतकेच सचोटीलाही महत्त्व आहे, हे ध्यानात येते.

महाराष्ट्रातही या कार्याने वेग घेतला आहे. २००३ साली भारत सरकारने राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले आणि देशभरातील हस्तलिखितांची नोंद हाती घेतली. भांडारकर संस्थेने आपल्या हस्तलिखितांची अंकीय चित्रे घेतली आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’ या नावाने आपले दुर्मिळ ग्रंथ संगणकावर उपलब्ध करून दिले आहेत. ज्या पोथीला हात लावण्यासाठी पूर्वी मोठा प्रवास करावा लागे, ती आता लहान गावातील विद्यार्थ्यासही वाचता येते. आणि मूळ पोथी वारंवार हाताळावी लागत नाही, म्हणून तिचे आयुष्यही वाढते. मूळ पोथी मात्र टाकून देण्याजोगी कधीच होत नाही. कागदाची जात, शाईचा थर, हाताचे वळण आणि पाण्याचे डाग यांची साक्ष तीच देऊ शकते.

मोठ्या संस्थांतील ठेवा तर जपला पाहिजेच. पण गावोगावच्या मंदिरांत, वाचनालयांत, शाळांत आणि घरांतही इतिहास दडलेला असतो. निगडीच्या शेजारच्या चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे. तेथील देव घराण्याचा इतिहास लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने लिहिला आणि तो १९८९ साली केंब्रिज येथून प्रसिद्ध झाला. इनाम गावांचे व वसुलाचे जुने कागद शिल्लक राहिले नसते, तर सातासमुद्रांपलीकडच्या त्या अभ्यासकाला हा ग्रंथ लिहिता आला नसता. ज्या भागात अर्ध्या शतकात शेतांचे नगर झाले, तेथे शेताचा जुना उतारा, शाळेचे जुने हजेरीपत्रक, गिरणीची वा कारखान्याची जुनी वेतनपत्रिका आणि आजीने हाताने लिहिलेली ओव्यांची वही हीदेखील उद्याच्या इतिहासाची साधने आहेत.

घरात असा कागद आढळला, तर तो रद्दीत घालू नये. त्याला चिकटपट्टी लावू नये, त्यावर नव्याने काही लिहू नये आणि तो प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंदही करू नये. स्वच्छ, कोरड्या हातांनी तो उघडावा, सुती कापडात सैल न पडेल असा बांधावा आणि कोरड्या जागी ठेवावा. वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने त्याचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे आणि तो कोणाचा, कोठला व केव्हाचा, हे त्याच दिवशी टिपून ठेवावे. कारण कागदाची माहिती सांगणारी माणसे कागदाहूनही लवकर निघून जातात. दुसऱ्याचा कागद पाहावयास मिळाला, तर तो जसा घेतला, तसाच परत करावा.

संताजी जगनाडे यांनी वही लिहिली, तेव्हा त्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता आणि संगणकही नव्हता. हे शब्द आपल्यानंतरही राहिले पाहिजेत, एवढी तळमळ मात्र त्यांच्याजवळ होती. साधने काळाप्रमाणे बदलतात. ही तळमळ ज्या समाजात जागी राहते, त्याचे शब्द कोणताही डोह बुडवू शकत नाही.

स्वाध्याय

१. तुकोबांच्या काळी ग्रंथांचा प्रसार कोणत्या मार्गाने होत असे?
२. देहूच्या वहीतील पाने नाहीशी झाली, तरी त्यांवरील अभंग का वाचले?
३. ‘विद्येइतकेच सचोटीलाही महत्त्व आहे,’ हे विधान पाठातील दोन प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा.
४. हाताने केलेली नक्कल व अंकीय नक्कल यांतील फरक सांगा. दोहोंची एकेक उणीव लिहा.
५. आठ इंच लांब व सहा इंच रुंद पानाचे, एका इंचात ३०० बिंदू या प्रमाणाने, किती बिंदू होतील?
६. आपल्या घरातील किंवा गावातील एका जुन्या कागदाविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा आणि ती दहा ओळींत लिहा.